दुसऱ्या दीर्घिकेतील इथेनॉलचा सत्कार ठरल्या रविवारीच व्हावा

प्रति,
मा. कक्ष अधिकारी (गौरव व सन्मानचिन्हे),
विश्वमराठी कर्तृत्व गौरव कक्ष,
तिसरा मजला, विस्तारित इमारत, मुंबई.

अर्जदार : सौ. ज्ञानदा नरेंद्र वाघुळदे, शिक्षण एम.एस्सी. (भौतिकशास्त्र), राहणार निशी-कासाई, एदोगावा, टोकियो, जपान.

विषय : डॉ. अंबरीष टिपरे यांना दुसऱ्या दीर्घिकेत इथेनॉल शोधल्याबद्दल जाहीर झालेला गौरव पुढे न ढकलता ठरल्या रविवारीच प्रदान करणे, तसेच कोनशिलेवरील मजकूर रंगवून न घेता कोरून घेणे याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचे घोषणापत्र.
२) सोहळा 'अपरिहार्य कारणास्तव' पंधरवडाभर पुढे नेण्याचा विचार असल्याबाबत आपले परिपत्रक.
३) डॉ. टिपरे यांचा शोधनिबंध, शेवटचे पान, 'आभार', ओळ तिसरी.

महोदय,

१. सविनय निवेदन की, सुमारे पंधरा कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका दीर्घिकेत, ताऱ्यांच्या मधल्या वायूमध्ये, इथेनॉलचे रेणू शोधल्याबद्दल आपल्या कक्षाने डॉ. अंबरीष टिपरे यांचा गौरव जाहीर केला, ही जपानस्थित समस्त मराठी बांधवांना अभिमानाची बाब आहे. सदर सोहळा एदोगावातील सभागृहात येत्या रविवारी योजला असून, त्याच वेळी डॉ. टिपरे यांच्या मूळ गावी, मौजे पिंपळटेक येथे, शाळेच्या दर्शनी भिंतीत बसवावयाच्या कोनशिलेचे अनावरण इथून कळ दाबून व्हावयाचे आहे. या सोहळ्यास अर्जदाराची कसलीही हरकत नाही. उलट, तो एक दिवसही पुढे जाऊ नये अशी कळकळीची विनंती आहे. करिता हा पाठिंब्याचा अर्ज.

२. शेरा मारण्यास येथपर्यंतचा मजकूर पुरेसा आहे. अर्जदाराचे कै. वडील खानदेशातील एका कचेरीत अव्वल कारकून होते व निवृत्तीपर्यंत तेथील आवक टपाल त्यांच्या हातून गेले. अर्जदार पहिल्यांदा नोकरीचा अर्ज लिहायला बसली तेव्हा त्यांनी सुपारी कातरता कातरता सांगितले होते, "बाई, साहेब विषय वाचतो, पहिला परिच्छेद वाचतो, आणि पान उलटून सही आहे का तेवढं बघतो. मधल्या जागेत तू पुराण लिही." हे नुसते बोलणे नव्हते. त्यांनी स्वतः एकदा रजेच्या अर्जात मधल्या जागेत साहेबांच्या अकलेविषयी आपले मत सविस्तर नोंदवले होते. अर्ज 'पाहिले, सहमत' असा शेरा घेऊन परत आला. सबब यापुढील मजकूर अर्जदार कोणताही संकोच न ठेवता लिहीत आहे.

३. अर्जदार नवऱ्याच्या नोकरीपायी या देशात आली. पहिली काही वर्षे तिने घर, मुलगी आणि कचऱ्याचे वर्गीकरण या तीन विषयांत प्रावीण्य मिळवले. पुढे टोकियोच्या पश्चिमेकडील एका वेधशाळेत तिला अर्धवेळ काम मिळाले. काम असे, की डोंगरातल्या मोठ्या तबकडीने दुसऱ्या दीर्घिकांकडून आलेल्या रेडिओलहरी टिपायच्या, आणि अर्जदाराने संगणकापुढे बसून त्या आलेखातल्या बारीक बारीक उंचवट्यांतून कोणता उंचवटा कोणत्या रेणूचा ते ओळखायचे. कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, मेथॅनॉल ही सगळी मंडळी तिकडे आहेत. प्रत्येकाच्या रेषा ठरलेल्या जागी पडतात, बोटांच्या ठशांसारख्या. अर्जदाराला हे काम आवडत असे. घरात कोणी काय केले ते ओळखण्याचा बायकांचा सराव इथे पगारी कामी येतो, असे तिचे मत होते. प्रकल्पाचे प्रमुख डॉ. अंबरीष टिपरे.

४. डॉ. टिपरे अर्जदाराला 'वहिनी' म्हणत. या नात्यावर आपल्या कक्षाने विशेष लक्ष द्यावे. वेधशाळेत बाकी सगळे 'वाघुळदे-सान', म्हणजे वाघुळदेबाई, म्हणत, आणि 'सान' लागलेल्या बाईला बैठकीत खुर्ची मिळते. वहिनीला मिळते ते कौतुक. इथल्या रिवाजाप्रमाणे रजेवरून परतताना प्रत्येकाने काहीतरी खाऊ आणून सगळ्यांच्या टेबलावर वाटायचा असतो. अर्जदार पातळ पोह्यांचा चिवडा नेत असे. तो लोकप्रिय झाला, हा अर्जदाराच्या आयुष्यातील मोठा अपघात होय. एकदा बैठकीत तिने एका रेषेबद्दल शंका काढली तेव्हा डॉ. टिपरे सर्वांसमक्ष हसून म्हणाले, "वहिनी, तुमच्या हाताला चव आहे हो. रेषांचं आम्ही बघतो." जपानी मंडळींना मराठी कळले नाही. ती आदराने हसली.

५. आता मूळ मुद्दा. दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब पळत असतात, त्यामुळे त्यांच्या रेणूंच्या रेषा आपल्या ठरलेल्या जागेवरून सरकून दिसतात. किती सरकल्या हे समजण्यासाठी दीर्घिकेचा वेग लागतो. हा वेग मांडण्याच्या दोन रीती आहेत: एक प्रकाशाच्या दुर्बिणीवाल्यांची, दुसरी आम्हा रेडिओवाल्यांची. दीर्घिका एकच, तिचे पळणे एकच, पण आकडे दोन. जवळच्या दीर्घिकेला याने बिघडत नाही. पण या दीर्घिकेला सेकंदाला तीस-पस्तीस किलोमीटरचा फरक पडतो, आणि ती आपल्याकडे तोंड करून सपाट बसलेली असल्याने तिच्या रेषा इतक्या बारीक, की एवढ्या फरकाने रेषा शेजाऱ्याच्या घरात जाते. अर्जदाराच्या इमारतीत खाली टपालपेट्यांची भिंत आहे, सगळ्या पेट्या सारख्याच. नव्या पोस्टमनने एक रांग चुकवली, तर तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचे औषधाचे बिल चौथ्या मजल्यावरच्या नवविवाहितांना जाते आणि ते घाबरतात. तसेच हे.

६. अर्जदाराने पहिला तक्ता तयार केला तेव्हा वेगाचा आकडा दुर्बिणीवाल्यांच्या यादीतून घेतला आणि सूत्र रेडिओवाल्यांचे वापरले. रेषा इथेनॉलच्या जागी पडली. अर्जदाराने तिथे लिहिले, 'इथेनॉल', आणि पुढे प्रश्नचिन्ह घातले, कारण इथेनॉलच्या बाकीच्या रेषा जिथे दिसायला हव्या होत्या तिथे नुसता शुकशुकाट होता. दोन दिवस हे तिला झोंबत राहिले. तिसऱ्या दिवशी घरी जाताना, तोझाई मार्गावरच्या गाडीत कुणाच्या तरी काखेखाली उभी असताना, तिला चूक उमगली. तिने दुसरा तक्ता केला. आकडा सुधारताच रेषा सरकून फॉर्मिक आम्लाच्या घरात गेली आणि त्या आम्लाच्या आणखी दोन रेषा आपापल्या पेटीत बरोबर मिळाल्या. फॉर्मिक आम्ल म्हणजे मुंगी चावल्यावर जे झोंबते ते. तशा बारीक, शांत दीर्घिकेत ते पहिल्यांदाच दिसत होते. अर्जदाराने त्या दिवशी कार्यालयातील यंत्राचा कॉफीचा कप दोनदा घेतला, एवढाच जल्लोष केला.

७. पहिल्या तक्त्याचे नाव तिने 'अंतिम' ठेवले होते. दुसऱ्याचे 'खरोखर अंतिम'. दोन्ही सामाईक कपाटात, म्हणजे सर्वांना उघडता येणाऱ्या संगणकीय कपाटात, ठेवून ती वडिलांच्या वर्षश्राद्धासाठी भुसावळला गेली. ती तिकडे पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत असताना इकडे डॉ. टिपरे यांनी कपाट उघडले आणि 'अंतिम' हा शब्द वाचून समाधान पावले. खालचा तक्ता उघडण्याचे त्यांना कारण उरले नाही. त्यांनी पहिला तक्ता उचलला, त्यातील प्रश्नचिन्ह काढले, आणि निबंध लिहिला. या संपूर्ण शोधात प्रश्नचिन्ह काढणे हे डॉ. टिपरे यांचे स्वतःचे, मूळ व स्वतंत्र योगदान होय. ते कोणीही त्यांच्यापासून हिरावून घेऊ नये, अशी अर्जदाराची इच्छा आहे.

८. निबंधावर लेखक म्हणून पाच नावे आहेत. त्यांत अर्जदाराचे नाही. शेवटच्या पानावर, आभारांत, तिसऱ्या ओळीत मात्र आहे: "प्रदीर्घ निरीक्षणांच्या काळात घरगुती फराळ पुरवल्याबद्दल सौ. वाघुळदे यांचे आम्ही ऋणी आहोत." हे वाचून अर्जदाराचे पती श्री. नरेंद्र, जे एका बँकेच्या संगणकप्रणालीवर काम करतात, म्हणाले, "अगं, आभार तरी मानलेत. मला आमच्याकडे मेलच्या सीसीत पण ठेवत नाहीत." अर्जदाराने त्यांना त्या संध्याकाळी चिवडा वाढला नाही.

९. यानंतरची बाब शिक्क्याची. या देशात कोणताही कागद बाहेर पडण्यापूर्वी सर्वांच्या टेबलांवरून फिरतो आणि प्रत्येकजण आपल्या चौकोनात नावाचा गोल शिक्का उमटवतो. अर्जदाराचाही शिक्का आहे. 'वाघुळदे' त्या वर्तुळात मावेना, म्हणून शिक्केवाल्याने नुसते 'वागु' कोरले. वेधशाळेतील जुनी पद्धत अशी, की प्रमुखाचा चौकोन डावीकडे असतो, आणि कनिष्ठाने आपला शिक्का सरळ न मारता किंचित डावीकडे कलता मारायचा. म्हणजे कागदावर 'वागु' प्रमुखापुढे मान झुकवून उभा राहतो. हे कुठल्याही नियमात लिहिलेले नाही. कार्यालय सांभाळणाऱ्या मोरिवाकी-सान यांनी पहिल्या आठवड्यातच अर्जदाराला हळू आवाजात ते शिकवले होते. सहा वर्षे अर्जदाराचा वागु झुकत आला.

१०. अर्जदार भुसावळहून परतली, तिने चिवडा वाटला, आणि मोरिवाकी-सान तिला बाजूला घेऊन अत्यंत काळजीने म्हणाल्या, "वाघुळदे-सान, तुम्ही टिपरे-सान यांच्यावर रागावला आहात का?" अर्जदार म्हणाली, नाही, का? मोरिवाकी-सान यांनी फिरवलेला कागद दाखवला. त्यावर लेखकांची नावे होती आणि खाली चौकोनांत सर्वांचे शिक्के. बाकीचे सगळे डावीकडे झुकलेले. अर्जदाराचा वागु मात्र ताठ. दोरी लावून उभा केल्यासारखा. डॉ. टिपरे यांनी अर्जदाराच्या खणातून शिक्का काढून तिच्या वतीने संमती दिली होती. झुकायचे असते हे त्यांना माहीत नव्हते, कारण सर्वांत डावीकडच्या चौकोनातून आलेल्या माणसाला झुकण्यासाठी डावीकडे काही उरतच नाही. थोडक्यात, अर्जदाराच्या शिक्क्याने आयुष्यात एकदाच मान ताठ ठेवली, आणि तीही अर्जदार हजर नसताना.

११. अर्जदाराने रीतसर तक्रार केली. समितीने तिला चहा दिला, कागद समोर ठेवला आणि म्हटले, "आपली संमती आहे की." अर्जदाराने तो शिक्का सरळ असल्याचे दाखवले. समितीतील तिघांनी तो आळीपाळीने डोळ्याजवळ नेऊन पाहिला. सर्वांत ज्येष्ठ सदस्य खरोखर अस्वस्थ झाले, आणि म्हणाले, की शिक्का सरळ मारणे ही उद्धटपणाची बाब असू शकेल, पण असंमतीची नाही. मोरिवाकी-सान यांनी मात्र त्या दिवसापासून डॉ. टिपरे यांचा चहा ठेवणे बंद केले. वेधशाळेच्या हिशेबात ही मोठी शिक्षा आहे. डॉ. टिपरे यांना ती अजून कळलेली नाही. दुसऱ्या तक्त्याबद्दल अर्जदार त्यांना सांगायला गेली होती. ते म्हणाले, "वहिनी, निबंध स्वीकारला गेला. आता कशाला कालवता?" अर्जदाराने कालवले नाही.

१२. पुढचे आपणांस माहीत आहेच, कारण ते आपणच केले. इथेनॉल म्हटल्यावर बातमी पिंपळटेकला पोचली. तेथील सहकारी साखर कारखाना मळीपासून इथेनॉल काढतो. अध्यक्षांनी वेशीवर फलक लावला: 'पंधरा कोटी प्रकाशवर्षांवर आपलाच माल!' फलकावर डाव्या कोपऱ्यात दीर्घिका, उजव्या कोपऱ्यात डॉ. टिपरे आणि मध्ये, दीर्घिकेपेक्षा मोठे, अध्यक्ष. एका वाहिनीने डॉ. टिपरे यांची मुलाखत घेतली. "ती रेषा पहिल्यांदा पाहिली तेव्हा काय वाटलं?" डॉ. टिपरे यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "खरं सांगू? मला गावाचा वास आला." ही मुलाखत अर्जदाराने अनेकवार पाहिली आहे. मुलगी ओवी, जी मराठी समजते पण उत्तर जपानीत देते, सोफ्यावरून म्हणाली, "मामा, शित्सुकोई." 'मामा' म्हणजे इथे आई, आणि 'शित्सुकोई' म्हणजे चिवट, पाठ न सोडणारी. अर्जदाराने ते कौतुक म्हणून स्वीकारले.

१३. वेधशाळेची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुली होतात. कोणीही उचलून तपासावीत. ती खुली झाली त्याच आठवड्यात अर्जदार स्वतःच्या रजेवर कोबेला गेली. तेथील विद्यापीठात हिराओका-सेन्सेई म्हणून एक प्राध्यापिका आहेत. बाई कमी बोलतात. अर्जदाराने 'खरोखर अंतिम' तक्ता त्यांच्यापुढे ठेवला आणि चिवड्याचा डबाही काढला, कारण सवय. सेन्सेईंनी डबा बाजूला सारला व तक्ता वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून. एवढी वर्षे अर्जदाराचे काही कोणी शेवटपर्यंत वाचले नव्हते, त्यामुळे बसायचे कसे हे तिला कळेना. ती खिडकीतून बंदरातल्या जहाजांकडे पाहत राहिली. शेवटी सेन्सेई म्हणाल्या, "वेगाचा आकडा तुम्ही बदललात. का?" अर्जदाराने सांगितले. सेन्सेईंनी मान डोलावली, आणि मग डबा पुढे ओढला. त्यांनी आपल्या वेळात दुसऱ्या तबकडीने तीच दीर्घिका पुन्हा पाहिली. इथेनॉल नाही. फॉर्मिक आम्ल आहे, तिन्ही रेषा जागेवर. निबंध तयार झाला, परीक्षकांकडून पास झाला. पहिले नाव ज्ञानदा वाघुळदे. तो सोहळ्यानंतरच्या मंगळवारी प्रसिद्ध होत आहे. त्याच्या मथळ्यातच असे म्हटले आहे, की पूर्वी जाहीर केलेले इथेनॉल हे वेग मोजण्याच्या रीतीतील गल्लतीतून उद्भवलेले होते.

१४. आता आपल्या लक्षात आले असेल, की सोहळा पंधरवडाभर पुढे गेल्यास काय अनर्थ होईल. मंगळवारी निबंध आला, की डॉ. टिपरे यांना ताप येईल. ते नम्रपणे कळवतील, की 'विज्ञान ही सामूहिक साधना आहे, मी व्यक्तिगत गौरव स्वीकारत नाही.' या वाक्याबद्दल त्यांची दुसरी मुलाखत होईल. कोनशिलेवर पिंपळटेकचा रंगारी चुना फिरवील आणि शाळेतली पोरे त्यावर यष्ट्या काढून क्रिकेट खेळतील. एवढे होऊन अर्जदाराच्या वाट्याला पुन्हा तिसरी ओळच. म्हणून सत्कार रविवारीच व्हावा, भाषणे लांब व्हावीत, आणि छायाचित्रकार दोन असावेत.

१५. अर्जदाराच्या घरातून या भूमिकेस विरोध झाला, हे प्रामाणिकपणे नमूद करणे आवश्यक आहे. श्री. नरेंद्र यांचे म्हणणे असे, की "तुझं नाव लागलं ना पहिलं? झालं तर मग. सोडून दे. माणूस तोंडावर पडणारच आहे, तू वर खुर्ची कशाला देतेस?" अर्जदाराने यावर विचार केला. एदोगावाच्या नदीकाठी सायकल चालवत दोनदा विचार केला. निष्कर्ष असा: माणूस जमिनीवर पडला तर कपडे झटकून उठतो. व्यासपीठावरून पडला, तर ते चित्रित होते.

१६. सबब खालीलप्रमाणे विनंत्या आहेत :

(अ) सोहळा येत्या रविवारीच व्हावा. सभागृह अर्जदारानेच वॉर्ड कार्यालयातून आरक्षित केले आहे व अल्पोपाहाराची जबाबदारी इथल्या मराठी मंडळाने, अर्थातच, अर्जदाराकडे दिली आहे. चिवडा होईल. आपले पथक अभ्यासदौऱ्यावर येत आहे असे कळते. पथकाने कचरा स्वतःसोबत, ओला-सुका वेगळा करून न्यावा, हा सभागृहाचा नियम आहे.

(आ) कोनशिला काळ्या ग्रॅनाइटची असावी. अक्षरे रंगवू नयेत. खोल कोरावीत व त्यांत शिसे ओतावे. मजकुरात 'इथेनॉल' हा शब्द सर्वांत मोठ्या टाइपात असावा. डॉ. टिपरे यांनी निबंधात दिलेला वेगाचा आकडाही कोरावा. तो कोणत्या रीतीने मोजला याचा उल्लेख करू नये. त्यांनीही केलेला नाही. कुठेही प्रश्नचिन्ह येऊ देऊ नये. ते काढायला डॉ. टिपरे यांना कष्ट पडले आहेत.

(इ) मुलाखतीतील 'मला गावाचा वास आला' हे वाक्य सन्मानपत्रात अवतरणचिन्हांत घ्यावे.

(ई) ही विनंती लहान आहे, परंतु अर्जदाराचा सर्व जीव हिच्यात आहे. निबंधाची शेवटची प्रत दुरुस्तीसाठी अर्जदाराकडे असून ती सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, परत द्यावयाची आहे. 'आभार' या भागात तिसरी ओळ तिने रिकामी ठेवली आहे. तिथे डॉ. अंबरीष टिपरे यांचे आभार मानण्याचा तिचा दृढ निश्चय आहे, फराळाबद्दल. अडचण एवढीच, की आभारातील मजकूर खरा असावा असा हिराओका-सेन्सेई यांचा दंडक आहे, आणि सहा वर्षांत डॉ. टिपरे यांनी अर्जदाराला बिस्किटदेखील दिलेले नाही. ते रजेवरून येताना इतरांनी आणलेले खातात. सबब रविवारी व्यासपीठावर सत्कारमूर्तींच्या हातून अर्जदाराला एक पेढा देवविण्यात यावा. एकच पुरे. तो त्यांनी स्वतःच्या बोटांनी उचलून द्यावा व 'घ्या वहिनी' असे म्हणावे. हे ते आपणहून म्हणतीलच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरी ओळ पुरी होईल: 'प्रस्तुत संशोधनाच्या अखेरच्या टप्प्यात फराळ पुरवल्याबद्दल डॉ. अंबरीष टिपरे यांचे आम्ही ऋणी आहोत.' ती ओळ जगातल्या प्रत्येक विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाईल आणि तिच्यावर कोणताही रंगारी चुना फिरवू शकणार नाही.

१७. पेढे मिळण्याची इथे अडचण आहे याची कल्पना आहे. कोबेला एका जुन्या व्यापारी कुटुंबाच्या दुकानात बरे पेढे मिळतात. अर्जदार स्वखर्चाने आणून व्यासपीठामागे ठेवील. डॉ. टिपरे यांना ते मंडळाने आणले असे सांगावे. कोणी आणले, हे विचारण्याची त्यांना सवय नाही.

१८. शेवटी एक शक्यता उरते, की वडिलांच्या अनुभवाच्या विरुद्ध आपल्या कक्षात कोणीतरी हा अर्ज मधूनही वाचला. अशा व्यक्तीस अर्जदाराचे सांगणे असे, की तुम्ही हे वरिष्ठांना दाखवू शकता, सोहळा थांबवू शकता, आणि तसे करणे कदाचित योग्यही ठरेल. किंवा तुमच्याही खणातून कधी कोणी तुमचा शिक्का काढला असेल, तर हा कागद पुन्हा धारिकेत, मधोमध, ठेवू शकता. ज्याने शेवटपर्यंत वाचले त्याने आपले नाव कळवावे. आभारांत चौथी ओळही मोकळी आहे, आणि ती फराळाबद्दल नसेल. ती वाचल्याबद्दल असेल.

तरी वरील सर्व बाबींचा, किंवा निदान पहिल्या परिच्छेदाचा, सहानुभूतीने विचार व्हावा.

सोबत :
१) डॉ. टिपरे यांच्या निबंधाचे शेवटचे पान (तिसरी ओळ अधोरेखित).
२) पिंपळटेकच्या वेशीवरील फलकाचे छायाचित्र.
३) कोनशिलेच्या मजकुराचा नमुना, मोठ्या टाइपात.
४) चिवडा, पाव किलो, कक्षातील सर्वांसाठी. सगळ्यांच्या टेबलावर वाटावा, अशी इथली पद्धत आहे.

दिनांक : सोहळ्यापूर्वीचा सोमवार
स्थळ : एदोगावा, टोकियो

आपल्या कक्षाच्या वाचनाच्या सवयीवर पूर्ण भरवसा असलेली,

(ज्ञानदा नरेंद्र वाघुळदे)

शिक्का : वागु
(शिक्का सरळ उमटवला आहे. या खेपेस अर्जदार हजर होती.)